कश्यपाची लेकरं आणि मराठी विज्ञानकथा

आखातातल्या अरबीत फरीज म्हणजे मोहल्ला आणि बिन म्हणजे मुलगा. दोह्यातल्या फरीज बिन ओमरान या वस्तीचे नाव असे उलगडले की लक्षात येते, इथे जागेची ओळखच वंशावरून ठरली आहे. पण ज्या देशात ही वस्ती आहे, त्या कतारमध्ये मूळ नागरिक जेमतेम दहा-बारा टक्के. बाकीचे सारे, त्यात मराठी कुटुंबेही आली, नोकरीला बांधलेल्या परवान्यावर राहतात. इथे जन्मल्यामुळे मुलाला नागरिकत्व मिळत नाही. रक्ताने मोजली जाणारी माणसे आणि कामाने मोजली जाणारी माणसे एकाच दुकानातून भाजी घेतात, एकाच सिग्नलला थांबतात, आणि दोघांच्या हक्कांचे कागद वेगळे असतात. मराठी विज्ञानकथेने पन्नास वर्षांत जो प्रश्न जवळजवळ टाळला, तो समजून घ्यायला ही वस्ती मला योग्य वाटते. उद्या माणसापासूनच निपजलेले, पण माणसासारखे न उरलेले जीव ग्रहाग्रहांवर पसरले, तर त्यांनी आणि आपण एकत्र नांदायचे ते कोणत्या नात्याने?

हा प्रश्न जगात नवा नाही. जे. डी. बर्नाल या शास्त्रज्ञाने 1929 मध्येच मांडले होते की मानवजात दुभंगेल. स्वतःचे शरीर बदलून अंतराळात जाणारे एकीकडे आणि पृथ्वीवर जुन्या देहात राहणारे दुसरीकडे. मागे राहिलेल्यांसाठी पृथ्वी हे एक प्राणिसंग्रहालय होईल, इतके उत्तम चालवलेले की आतल्यांना त्याचा पत्ताही लागणार नाही. पुढच्याच वर्षी ओलाफ स्टेपलडनने आपल्या कादंबरीत एकामागून एक अठरा मानवजाती उभ्या केल्या. शेवटची नेपच्यूनवर राहते आणि आजच्या माणसाच्या मनात शिरून बोलते. 1987 पासून ऑक्टेव्हिया बटलरने परग्रहवासी आणि माणूस यांच्या संकरातून जन्मलेल्या मुलांची गोष्ट तीन कादंबऱ्यांत सांगितली. त्या मुलांच्या आयांना ती आपली वाटतात आणि परकीही. तिन्ही ठिकाणी जोर यंत्रावर कमी आणि नात्यावर जास्त आहे.

मराठीत काय झाले? 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. जयंत विष्णू नारळीकरांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेतले होते, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत मंगला नारळीकरांच्या हस्ताक्षरात पाठवली होती. तिथून पुढे ‘यक्षांची देणगी’, ‘वामन परत न आला’, ‘अंतराळातील भस्मासूर’ आले. लक्ष्मण लोंढे आणि चिंतामणी देशमुख यांनी ‘देवांसि जिवे मारिले’ लिहिली, अरुण साधूंनी ‘विप्लवा’. बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी हा प्रांत विस्तारला. आज मेघश्री दळवींसारख्या लेखिका तो पुढे नेत आहेत. ही परंपरा छोटी नाही. तिने मराठी वाचकाला विश्वाची सवय लावली, आणि 2021 मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे गेले तेव्हा विज्ञानकथा ओसरीवरून माजघरात आली.

पण वरची शीर्षके एकापुढे एक ठेवून पाहावीत. यक्ष, वामन, भस्मासूर, देव. जो आपल्यासारखा नाही त्याला आपण पुराणातून नाव दिले, आणि नावाबरोबर त्याची जागाही ठरवून टाकली. यक्ष देणगी देतो, भस्मासूर उलटतो, देव वर बसतो. ‘वामन परत न आला’ या कादंबरीत एका प्राचीन, प्रगत आणि नष्ट झालेल्या संस्कृतीने पुरून ठेवलेली पेटी सापडते आणि तिच्यातल्या ज्ञानावरून वामन नावाचा यंत्रमानव घडवला जातो. तिथे धोक्याची जाणीव नेमकी कशाशी बांधली आहे? यंत्राला आपल्यासारखे दुसरे यंत्र घडवता येण्याशी. म्हणजे भीती यंत्राच्या बुद्धीची तितकी नाही, जितकी त्याला पोरेबाळे होण्याची आहे. कादंबरी म्हणून ती उत्तम बांधलेली आहे, आजही एका बैठकीत वाचून होते. पण वंशाचा प्रश्न दारात उभा राहताच ती दार लावून घेते.

मला खटकते ते हे, की पुराणांनी असे दार लावलेले नाही. अदितीचे आदित्य, दितीचे दैत्य, दनूचे दानव, कद्रूचे नाग, विनतेचा गरुड. सगळ्यांचा बाप एकच, कश्यप. खवले असलेले, पंख असलेले, अमर आणि मर्त्य असे सगळे सावत्र भाऊ आहेत. हिरण्यकशिपू दितीचा मुलगा, त्याचा प्रल्हाद, प्रल्हादाचा विरोचन, विरोचनाचा बळी. वामन अदितीचा. म्हणजे ज्या बळीकडे वामन तीन पावले जमीन मागतो, त्याचा तो चुलत पणजोबा लागतो. ही परक्याची स्वारी नाही, ही भाऊबंदकी आहे. आणि आपण दिवाळीच्या पाडव्याला हरलेल्याचीच आठवण काढतो, त्याचे राज्य यावे म्हणतो. आपल्या विज्ञानकथेने पुराणातून नावे उचलली आणि वंशावळ तिथेच ठेवली. वाटणी, बांध, सातबारा, वडिलोपार्जित घरातली शेवटची खोली, यांवर लिहिण्याचा जेवढा अनुभव मराठी कथेला आहे तेवढा फार थोड्या भाषांना असेल. चंद्रावरच्या आणि लघुग्रहांवरच्या वाटणीची गोष्ट लिहायला लागणारी शब्दसंपत्ती आपल्याकडे तयार पडली आहे, आणि ती वापरलेली नाही.

याला एक कारण साच्याचे आहे. मराठी विज्ञानकथा वाढली ती स्पर्धांत आणि ‘नवल’, ‘धनंजय’सारख्या दिवाळी अंकांत. दहा-बारा पानांत कल्पना मांडायची, शास्त्र समजावायचे आणि शेवटी धक्का द्यायचा. धक्क्याला पाहुणा पुरतो. तो येतो आणि जातो. नांदणे दाखवायला वर्षे लागतात, जेवणे लागतात, रुसवे लागतात. त्याला मोठी कादंबरी हवी, आणि ती लिहिणाऱ्याला दोन वर्षे सांभाळणारा प्रकाशक हवा.

यावर कुणी म्हणेल, विज्ञानकथेचे काम विज्ञानाची गोडी लावणे आहे. नातीगोती इतर कथा पाहतीलच. हे मला मान्य नाही, कारण इथे नाते हा विज्ञानाचाच परिणाम आहे. कृष्णविवराजवळ काळ मंदावतो, हे एकदा मान्य केले की तिथून परतलेल्या तरुण आजोबांना स्वतःची म्हातारी नात भेटू शकते. श्राद्धात बाप, आजा आणि पणजा अशा तीन पिढ्यांची नावे घेतली जातात. तो पणजाच उद्या दारात उभा राहिला, तर पान कुणी कुणासाठी वाढायचे? हा प्रश्न सापेक्षतेच्या समीकरणातूनच निघतो.

दुसरा आक्षेप असा, की मानवोत्तर माणूस ही पाश्चात्त्यांची चैन आहे. पण 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांनी काचपात्रात फलन झालेले मूल जन्मले, तेव्हाच वंशाची वाट प्रयोगशाळेतून जाऊ लागली होती. फरीज बिन ओमरानला लागून हमद वैद्यकीय संकुल आहे, आणि कतारने 2013 मध्येच आपल्या लोकसंख्येचे जनुक वाचण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला. वाचलेली अक्षरे कधीतरी दुरुस्तही केली जातील. मग दुरुस्त झालेले आणि न झालेले एकाच घरात वाढतील, आणि ‘मानवोत्तर’ हा शब्द अपुरा पडेल. त्यात माणूस संपल्याचा भास आहे. वंशज म्हटले की माणूस अजून घरातच आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: स्थलांतरिताची तुलना बदललेल्या देहाच्या जीवाशी करणे हा स्थलांतरिताचा अपमान नाही का? देहाची तुलना केली तर निश्चितच आहे. परवान्यावर राहणारा माणूस नागरिकाइतकाच माणूस आहे. तुलना आहे ती व्यवस्थेची: कोणाला वारस मानायचे आणि कोणाला फक्त कामाला ठेवायचे, हे ठरवण्याची. आणि हा निवाडा यंत्रांच्याही आधी माणसांवर होऊन गेला आहे, याचा पुरावा दोह्याच्या पश्चिमेला शहानियाच्या उंट-शर्यतीत दिसतो. तिथे पूर्वी उंटावर लहान मुले बसवत. सुदान, पाकिस्तान, बांगलादेश अशा देशांतून आणलेली, कारण वजन जितके कमी तितका उंट वेगाने धावे. त्यावर बंदी आली आणि 2005 च्या सुमारास एका स्विस कंपनीने बनवलेले यंत्र-स्वार आले. सुरुवातीचे जड होते, त्यांना माणसाचा चेहरा दिलेला होता, कारण उंटाला पाठीवर माणसाची सवय. पुढे चेहरा गेला, धड आखडले, मोटार भोक पाडायच्या ड्रिलची झाली. आज काही किलोंचे खोके उंटाच्या पाठीवर बसते, फिरता चाबूक चालवते, आणि धावपट्टीशेजारून गाडी हाकणारा मालक बिनतारी यंत्रावरून उंटाला साद घालतो. मुलाचे रूप पार नाहीसे झाले, तरी त्या खोक्याला अजून स्वाराचा रंगीत सदरा घालतात.

त्या सदऱ्याची गोष्ट मराठीत लिहिली जायला हवी. यंत्र सुखरूप आहे आणि मूल सुटले, एवढ्यावर ती संपणार नाही. ज्याच्या जागी हे खोके आले तो मुलगा आज तिशीत असेल. त्याचा सदरा घालून पळणाऱ्या त्या खोक्याला तो कोण म्हणेल, आणि पुढे कधी त्या खोक्याला बोलता आले, तर ते त्याला कोण म्हणेल? ही कथा लिहायला शास्त्र लागेल, पण त्याआधी वंशावळ मांडून बसावे लागेल, जशी कश्यपाच्या लेकरांची कुणीतरी बसून मांडली होती.