आवाजाचा सौदा : दोन ॲनिमेशनपटांतील वंश आणि लिंगभाव

ॲनिमेशनपटातील पात्राला देह नसतो, रेषा असते. पात्राचे वय, बांधा, कातडीचा रंग हे सारे कोणीतरी काढलेले, म्हणजेच निवडलेले असते. त्यामुळे या चित्रपटांतील वंश आणि लिंगभाव यांची चिकित्सा बहुधा दृश्य प्रतिमेपासून सुरू होते व तेथेच संपते. नायिकेची कंबर, खलनायकाचे नाक, कोणाच्या वाट्याला गडद रंग आला, याची नोंद घेतली जाते. ही नोंद आवश्यकच आहे, परंतु पुरेशी नाही. रेषेने घडविलेल्या या जगात हाडामांसाच्या माणसाकडून थेट येणारी गोष्ट म्हणजे आवाज. बोलण्याचा अधिकार कोणाला, कोणत्या हेलात आणि कोणत्या किमतीला मिळतो, हे तपासल्याखेरीज या संहितांमधील सत्तासंबंध पुरते उलगडत नाहीत. रॉन क्लेमेंट्स व जॉन मस्कर या दिग्दर्शकद्वयाचे डिस्नेसाठी केलेले ‘द लिटल मर्मेड’ (१९८९) आणि ‘अलादीन’ (१९९२) हे दोन चित्रपट या दृष्टीने एकत्र वाचण्याजोगे आहेत.

पहिल्या चित्रपटात आवाज हाच कथानकाचा विषय आहे. हॅन्स ख्रिश्चन अँडरसनच्या १८३७ मधील कथेत जलकन्येची जीभ कापली जाते, ती कायमची. राजपुत्र दुसरीशी विवाह करतो. जलकन्येची ओढही केवळ त्याच्यापुरती नसते, तिला अमर आत्मा हवा असतो. डिस्नेच्या रूपांतरात आत्म्याचा प्रश्न गळून पडतो आणि जीभ कापण्याच्या जागी करार येतो. एरियल आपला आवाज अर्सुला या चेटकिणीला देऊन पाय मिळविते. तीन दिवसांत राजपुत्राचे चुंबन मिळाले नाही, तर ती चेटकिणीची होणार असते. हानीचे असे व्यवहारात झालेले रूपांतर महत्त्वाचे आहे, कारण त्यामुळे मौन हे नायिकेच्या स्वेच्छेचे फळ ठरते.

सौदा पटविताना अर्सुला आपल्या गीतात सांगते, की पुरुषांना बडबड्या स्त्रिया आवडत नाहीत, मौन पाळणारीलाच पुरुष लाभतो. हे विधान चित्रपटाचे तत्त्वज्ञान म्हणून वाचणे सोपे आहे. परंतु ते खलपात्राच्या तोंडी आहे आणि कथानक त्याला एका अर्थी खोटे ठरविते, कारण राजपुत्र एरिक ज्या स्त्रीचा शोध घेत असतो ती त्याला आवाजावरूनच ठाऊक असते. दुसऱ्या अर्थी मात्र कथानक त्याला दुजोराही देते. मूक एरियलकडे तो ओढला जातो आणि चुंबन थोडक्यात हुकते. पुढे आवाज परत मिळाल्यावर एरियल जवळजवळ काही बोलतच नाही. अर्सुलाचा वध एरिक करतो, एरियलला मनुष्यरूप देण्याचा निर्णय पिता ट्रायटन घेतो आणि तिच्या वाट्याला पित्याविषयीच्या प्रेमाचे एक वाक्य उरते. आवाज परत येतो, अधिकार येत नाही. ही फट अर्सुलाच्या गीतापेक्षा अधिक बोलकी आहे.

अर्सुलाचे रेखन डिव्हाइन या स्त्रीवेषधारी कलावंतावरून स्फुरले, हे सर्वज्ञात आहे. स्थूल देह, खर्जातला आवाज, नटवा आविर्भाव यांमुळे स्त्रीत्व हे वठविलेले सोंग असल्याचे भान तीच एकटी प्रेक्षकाला देते, आणि तिचा नाश झाल्यावाचून कथा मिटत नाही. याच दरबारातील सबॅस्टियन हा खेकडा कॅरिबियन हेलात बोलतो. त्याच्या लोकप्रिय गीताचा आशय असा, की वर जमिनीवर राबणे आहे, खाली समुद्रात मौज आहे. राजाच्या सेवेत सदैव धावपळ करणाऱ्या पात्राने, आणि तेही कृष्णवर्णीय मळेमजुरांच्या इतिहासाचे स्मरण देणाऱ्या हेलात, श्रमाचा अभाव गावा, यातील विसंगती चित्रपटाला जाणवत नाही.

‘अलादीन’मध्ये हेलाची ही वाटणी अधिक उघड होते. अग्रबा या कल्पित अरब नगरीत अलादीन व जास्मिन अमेरिकन वळणाचे इंग्रजी बोलतात, तर पहारेकरी आणि फेरीवाले यांच्या बोलण्याला अरबी ढब दिली आहे. एकाच नगरीतील माणसांत हा भेद कोठून यावा, याचे कथेअंतर्गत उत्तर नाही. उत्तर प्रेक्षकाच्या खुर्चीत आहे : जे पात्र ‘आपले’ वाटावे, ते आपल्यासारखे बोलते. आरंभीच्या गीतातील कान कापण्याच्या उल्लेखावर अरब-अमेरिकन संघटनेने आक्षेप घेतला आणि १९९३ च्या व्हिडिओ आवृत्तीत ती ओळ बदलली गेली. त्या भूमीला रानटी म्हणणारा शब्द मात्र राहिला. हेलांविषयी काहीच करता येण्यासारखे नव्हते. शब्द वगळता येतो, उच्चारांच्या सरणीवर उभे असलेले पात्रविधान वगळता येत नाही.

जिवंत नटांसह झालेल्या पुनर्निर्मितींनी हाच प्रश्न पुन्हा उभा केला. २०१९ च्या ‘अलादीन’मध्ये रानटीपणाचा शब्द गेला, जास्मिनला मौन नाकारणारे नवे गीत मिळाले आणि ती सुलतानपदी बसली. २०२३ च्या ‘द लिटल मर्मेड’मध्ये हॅली बेली ही कृष्णवर्णीय गायिका-अभिनेत्री एरियल झाली व अर्सुलाला तिनेच मारले. हे बदल क्षुल्लक नाहीत. २०१९ मध्ये बेलीच्या निवडीची घोषणा होताच उसळलेला रोष पाहता, जलकन्येच्या वर्णात किती वर्चस्व गुंतले होते, तेही कळले. परंतु याच चित्रपटात मौनाची महती सांगणारे अर्सुलाचे कडवे गाळले गेले. पितृसत्तेचा नियम ज्या एका पात्राने उघड उच्चारला, त्याचीच वाणी आखूड झाली. आवाज देऊन पाय घेण्याचा सौदा मात्र कायम राहिला. आक्षेपार्ह उच्चार पुसल्याने आक्षेपार्ह रचना पुसली जाते, हा या सुधारणावादाचा भ्रम आहे.

मराठी अभ्यासकाला ही हेलांची उतरंड परकी वाटू नये. प्रमाण मराठी बोलणारा नायक आणि बोलीत हशा पिकविणारा गडी ही विभागणी आपल्या नाटक-चित्रपटांनी दीर्घकाळ सांभाळली आहे. तेथे जात व वर्ग जे कार्य करतात, तेच येथे वंश करतो. मुलांच्या कलाकृतींकडे समीक्षा गांभीर्याने पाहत नाही, हे या संदर्भात विशेष खटकते. मूल अक्षरे शिकण्यापूर्वी आवाज ओळखू लागते. कोणत्या हेलावर विश्वास ठेवायचा आणि कोणत्या हेलावर हसायचे, हे ते अशाच कथांतून शिकते, आणि पुढे वाचक झाल्यावरही ते शिक्षण सहजी पुसले जात नाही.