ध्वनिमुद्रणातील टचस्क्रीन आणि हार्डवेअर कंट्रोलर : एक चिकित्सा

ध्वनिमुद्रण संगणकावर होऊ लागल्यापासून छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरातील महाविद्यालयीन संगीत विभागांपुढेही एक प्रश्न उभा राहतो. सॉफ्टवेअर हाताळण्यासाठी टचस्क्रीन घ्यावा, की फेडर व नॉब असलेला हार्डवेअर कंट्रोलर? हा प्रश्न केवळ किमतीच्या तुलनेने सुटणारा नाही. प्रस्तुत लेखात त्याचा विचार संगीतव्यवहाराच्या अंगाने करावयाचा आहे.

साधनाची घडण संगीतालाही वळण देते, हे हार्मोनियमच्या वादातून स्पष्ट झाले होते. पट्ट्यांवर मींड निघत नाही, हा या वाद्यावरील एक प्रमुख आक्षेप. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने त्यावर बंदी घातली. १९७१ पासून ती शिथिल होत गेली. या निकषावर टचस्क्रीन सरस ठरतो, कारण काचेवर बोट अखंड सरकते. स्वस्त कंट्रोलरमध्ये मात्र पारंपरिक मिडी संदेशाच्या १२८ पायऱ्याच हाती येतात.

तथापि ध्वनिमुद्रक वादक नसतो. त्याची भूमिका साथीदाराची असते. जालना परिसरात जन्मलेल्या अप्पा जळगावकरांनी (१९२२–२००९) पं. भीमसेन जोशी यांच्यासारख्या गायकांना हार्मोनियमचीच साथ केली. वाद्याची मर्यादा कायम होती. साथ उभी राहिली ती गायकावरील अवधानावर. मुद्रण चालू असता गायकाच्या हेडफोनमधील तानपुऱ्याचे प्रमाण बदलणे, अथवा नंतर आलापाची पातळी ऐकत ऐकत उचलणे, ही कामे याच अवधानाची होत. फेडर बोटांना चाचपून सापडतो. काचेवर मात्र सर्व जागा सारख्याच, त्यामुळे नजर पडद्याकडे वळवावीच लागते. उलटपक्षी, मुद्रित ध्वनीची काटछाट व जुळणी यांसाठी तरंगाकृती दाखविणारा पडदाच सोयीचा असतो. तेथे कंट्रोलरचा आग्रह धरणे अनाठायी होय.

या चर्चेत दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा विचार सहसा होत नाही. संगीत हे त्यांच्यासाठी शिक्षणाचे व उपजीविकेचे महत्त्वाचे क्षेत्र आहे. टचस्क्रीनवर त्यांना स्क्रीन रीडरचा आधार मिळतो खरा. परंतु तो बोलू लागला की ज्या कानांनी स्वर पारखायचा तेच कान त्याच्या सूचनांत गुंततात. म्हणून विभागाने पडदा अवश्य घ्यावा, मात्र त्यासोबत किमान एक फेडरयुक्त कंट्रोलर असावा. त्याअभावी ध्वनिमुद्रणाच्या अभ्यासक्रमाचे दार याच विद्यार्थ्यांसाठी अर्धे बंद राहील.