मुक्त खेळांत गिरणगाव कुठे आहे?

हौशी मंडळींनी संगणकावरचा खेळ मराठीत करावा, तो सगळ्यांना मोफत खेळू द्यावा आणि त्यातली चित्रं, अक्षरं, आज्ञावली पुढच्याला वापरू द्यावी, यात आज तांत्रिक अडचण जवळपास उरलेली नाही. पूर्वी होती आणि चांगली जाचक होती. गोडो हे खेळ घडवण्याचं मुक्त साधन हौशी जगात आवडीचं. पण त्याच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत देवनागरीची जुळणीच होत नसे. ‘किल्ला’ लिहिलं की पहिली वेलांटी क-च्या उजवीकडे जाऊन बसायची आणि ‘ल्ला’तला पहिला ल पाय मोडून वेगळा पडायचा. मार्च २०२३ मध्ये चौथी आवृत्ती आली आणि हे दुखणं संपलं. चांगल्या अक्षरांचा प्रश्न त्याआधीच मुंबईत सुटला होता. ‘एक टाइप’ या इथल्या अक्षरकारांच्या गटाने मुक्ता, मोदक, १५०३ च्या कल्पसूत्राच्या हस्तलिखितावरून घडवलेला जैनी, असे टंक खुल्या परवान्यावर दिले. ते खेळात बांधून वाटायला कुणाची परवानगी लागत नाही, हवे तर बदलताही येतात. साधन आहे, अक्षर आहे. नाही ते चित्र.

मुक्त चित्रांचा साठा जगात कमी नाही. २००९ पासून चालणाऱ्या ‘ओपन गेम आर्ट’ या संकेतस्थळावर किल्ले, तळघरं, जंगलं, तलवारबाज यांची रास पडली आहे, बहुतेक युरोपी परीकथांच्या वळणाचं. ‘झिरो ए. डी.’ या स्वयंसेवकांनी घडवलेल्या मुक्त खेळात मौर्य साम्राज्य आहे, त्याचे हत्ती आहेत. पण गिरगावातली गॅलरीची चाळ, परळच्या गिरणीचं फाटक, लालबागचा मसाल्याचा गाळा, दादरच्या स्टेशनबाहेरचा फूलबाजार यांचा एकाच शैलीत काढलेला, कुणालाही वापरता येईल असा संच हाती येत नाही. त्यामुळे मराठीत खेळ करायला बसलेला मुलगा संवाद मराठीत लिहितो आणि त्याची पात्रं मात्र कौलारू जर्मन खेड्यात फिरवतो.

याचं कारण हौस आटली असं सांगितलं जातं. ते पटत नाही. हौस इथे जुनी आहे. केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणपती बसला, चिंचपोकळीचं मंडळ १९२० चं, गणेश गल्लीचं १९२८ चं. मोठ्या मंडळांची सजावट आता व्यावसायिक कलादिग्दर्शक करतात हे खरं. पण चाळीच्या गणपतीचं मखर, दिवाळीचा किल्ला, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेतल्या रांगोळ्या अजून नोकरी-कॉलेज सांभाळून रात्री जागणाऱ्या हातांच्याच आहेत. दिवाळीचा किल्ला तर मुक्त कलेचा उत्तम नमुना: शेजारच्या चाळीने केलेला बुरूज यंदा आपण उचलायचा, त्यात भर घालायची, कुणी हक्क सांगत नाही. फरक इतकाच की किल्ला मोडला की मागे फोटो उरतो; आराखडा, मोजमाप, मूळ चित्र उरत नाही. फोटोवरून दुसऱ्याला पुढे काम करता येत नाही.

मग अडतं कुठे? २०१२ च्या ‘लिबरेटेड पिक्सेल कप’चा इतिहास इथे उपयोगी पडतो. मुक्त परवाने घडवणारी क्रिएटिव्ह कॉमन्स, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि ओपन गेम आर्ट यांनी मिळून ही स्पर्धा भरवली; पण स्पर्धेआधी त्यांनी दोन गोष्टी केल्या. कलावंतांकडून एक पायाभूत संच काढून घेतला आणि शैलीचे नियम लिहून काढले: चौकटीचं माप किती, उजेड कुठून, वस्तू कोणत्या कोनातून दिसणार. त्यानंतर एकमेकांना न भेटलेल्या माणसांनी काढलेले कपडे, केस, झाडं, घरं एका चित्रात बेमालूम बसू लागली, आणि त्या संचात भर पडणं स्पर्धा संपल्यावरही थांबलं नाही. हौशींची संख्या जमवल्याने हे झालं नाही, माप आधी ठरल्याने झालं. आपल्याकडच्या टंकांचाही अनुभव तोच आहे: पाया आधी, हौस नंतर. ते प्रशिक्षित अक्षरकारांनी घडवले, काहींमागे गूगलचा पैसा होता. राज्य मराठी विकास संस्थेनेही ‘यशोमुद्रा’ असाच करवून घेऊन लोकांना मोफत दिला. म्हणजे हौशी चळवळ निव्वळ हौसेवर उभी राहते हा समजच तपासून घ्यायला हवा. पहिला संच मेहनताना देऊन करावा लागतो. हौस त्याच्यावर वाढते.

यावर आक्षेप येतील. चित्रं मोफत वाटली तर चित्रकाराने खायचं काय? पहिल्या संचाचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत, आणि पुढची भर घालणारे ती चित्रं एरवीही विकत नाहीत. दुसरा आक्षेप श्रद्धेचा: देव खेळात नकोत. नकोत. मंडपातली मूर्ती कायमची नसते, तिच्यावर मूर्तिकाराचा हक्क असतो, त्यामुळे कायद्यानेही ती सोपी नाही. उलट १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार इमारतीचं चित्र काढणं आणि छापणं हा हक्कभंग नाही. चाळ मोकळी आहे. तिसरा आक्षेप आजचा: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला सांगितलं की चित्र मिळतं, मग कष्ट कशाला? यंत्र चाळ देईल, पण दर वेळी वेगळी देईल. जिना कुठे, सामाईक नळ कुठे, कठड्याची नक्षी कोणती, हे त्याला ठाऊक नसतं. शिवाय हक्काच्या दृष्टीने त्या चित्रांचं मूळ धूसर असतं, आणि मुक्त संचात मूळ स्वच्छ लागतं.

नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. मोजून, बघून चितारण्यासारखं जे आहे ते दरवर्षी कमी होत जाणार. तेव्हा लालबाग-परळच्या मोठ्या मंडळांनी एका वर्षीच्या सजावटीच्या खर्चातला लहानसा वाटा बाजूला काढावा, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना योग्य मेहनताना देऊन एक चाळ, एक गिरणी, एक बाजारगल्ली आणि दहा माणसं असा पायाभूत संच करून घ्यावा, आणि मूळ फायली व शैलीच्या मराठी नियमांसह तो क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यावर खुला करावा.