शंभरीची वही

आमच्या इच्छापुरातील घरी यंदा मोठ्या मायने शंभरी ओलांडली. त्यानिमित्ताने घरातल्या मंडळींनी तिच्या आठवणी लिहून काढल्या आणि ती वही माझ्याकडे ‘जरा नीट करून द्या’ म्हणून आली. घरची वही, तिची समीक्षा कसली करायची, असे कोणी म्हणेल. पण वही वाचताना मला सारखे गोडसे भटजी आठवत राहिले, म्हणून हे टिपण.

वरसईचे विष्णुभट गोडसे घरच्या कर्जापायी दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे गेले आणि सत्तावन्नच्या बंडात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. वाटेत लुटले गेले, पण गंगेची कावड खांद्यावरून घरी आणली. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून 1883 साली त्यांनी हे सगळे लिहून काढले. ‘माझा प्रवास’ छापून आले ते 1907 साली, आणि तेही वैद्यांनी भाषेत व मजकुरात बरेच फेरफार करून. मूळ पोथीबरहुकूम मजकूर वाचकांच्या हाती पडायला दत्तो वामन पोतदारांची 1966 ची आवृत्ती यावी लागली. वैद्यांना मी दोष देणार नाही. राज्य इंग्रजांचे होते आणि त्यांनी मागे लागून लिहवून घेतले नसते तर आज काहीच उरले नसते. पण जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक भटजींच्या तोंडी दुसऱ्याची वाक्ये ऐकत होता, हेही खरे.

आमच्या वहीत नेमके हेच घडले आहे, आणि तेही दोनदा. मोठी माय बोलते ती आमच्या सीमेवरची बोली. खानदेश, वऱ्हाड, निमाड, सगळ्यांचे थोडे थोडे तिच्यात उतरलेले. पणतवाने ते हिंदीत टिपले, कारण शाळा हिंदी. त्यावरून पुतण्याने ‘शुद्ध’ मराठी केले. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांबद्दल वहीत एक वाक्य आहे: ‘युद्धकाळात रॉकेलची टंचाई होती.’ मी मोठ्या मायला पुन्हा विचारले. ती म्हणाली, “राकेल भेटे ना. मंग चांदण्यात बसून शेंगा फोडो. अमावस आली का काम बंद.” टंचाई हा शब्द कोणत्याही पुस्तकात मिळेल. अमावास्येला बंद पडणारे काम फक्त तिच्याजवळ आहे.

तसेच भोकाच्या पैशाचे. तांबे वाचवण्यासाठी सरकारने 1943 पासून मधोमध भोक असलेला पैसा काढला. वहीत त्याचा उल्लेखच नाही. पुतण्याला तो किरकोळ वाटला असावा. मोठी माय मात्र त्यावर अर्धा तास बोलली. पोरी ते पैसे दोऱ्यात ओवून कमरेला बांधत, आणि सासूने एकदा तो दोरा मोजला तेव्हा दोन पैसे कमी निघाले. ते कुठे गेले हे ती आजही सांगत नाही, हसते. कापडावर नियंत्रण आले त्या दिवसांत जावा-जावांत एकच धड लुगडे होते, माहेरी जाणारीने ते नेसायचे, हेही वहीत नाही. ‘घरातले दारिद्र्य कशाला’ असे पुतण्याचे म्हणणे. अहो, मग लिहायचे तरी काय? वहीची पहिली बारा पाने इच्छादेवीची यात्रा आणि घराण्याची थोरवी यांनीच भरली आहेत!

दुसरा दोष वेळेचा. महर्षी कर्वे एकशे चार वर्षे जगले, पण ‘आत्मवृत्त’ त्यांनी 1915 साली प्रसिद्ध केले, म्हणजे सत्तावन्नाव्या वर्षी. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ त्यांच्या हातून पुरी झाली नाहीत. 1936 साली त्या गेल्या. आपण मात्र शंभरीचा हार घालायच्या दिवशी वही उघडतो. मोठ्या मायला आता धाकट्या भावाचे नाव आठवत नाही. जिनिंगमध्ये ती किती वर्षे कामाला जात होती, तेही दर खेपेला वेगळे सांगते. वहीत त्यातला एकच आकडा पक्का म्हणून घातला आहे. माझ्या मते तिन्ही आकडे लिहावेत, तारखेसह.

असो. वही मी ‘नीट’ केली नाही. डावीकडची पाने कोरी ठेवून परत पाठवली आहे, आणि पणतवाला सांगितले आहे की तिथे तिचे बोलणे जसेच्या तसे उतरव. शब्द अडला तर तिलाच विचार, मला नको. त्याने परवा पहिले पान दाखवले. ‘भेटे ना’ त्याने तसेच ठेवले होते. ‘लुगडे’ मात्र खोडून ‘साडी’ केले होते. ते मी पुन्हा लिहायला लावले आहे.