ग्रंथप्रामाण्य आणि पुराणाचा घाट

१६१६ साली रोममध्ये कोपर्निकसचा ग्रंथ बायबलशी विसंगत ठरवून दुरुस्तीपर्यंत स्थगित करण्यात आला. त्याच वर्षी गोव्यातील राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. तिकडे धर्मग्रंथ खगोलशास्त्राला प्रमाण ठरला, इकडे त्याने मराठी पुराणाचा घाट स्वीकारला. मात्र घाट बदलल्याने सत्याचा दावा सुटत नाही. स्टीफन्स सृष्ट्युत्पत्ती घडलेला वृत्तान्त म्हणूनच सांगतात. त्यामुळे ‘हे काव्य आहे’ एवढे म्हणून विज्ञानाची तपासणी टाळता येत नाही. सहा दिवसांच्या निर्मितीचा शब्दशः अर्थ भूविज्ञान खोडून काढते. पाप, करुणा, तारण यांच्या अर्थाला मात्र प्रयोगशाळेत कसोटी नाही. कोणते विधान कोणत्या कोटीतले, हा विवेक समीक्षेनेच करावयाचा असतो.