वरच्या वर्गाचा डबा : आसन कोणाचे, सेवा कोणाची?

रेल्वेच्या वरच्या वर्गाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुतेक गिऱ्हाइकाच्या भाषेत लिहिले जाते. खुर्ची किती मागे झुकते, पाय पसरायला जागा किती, चहा गरम आला की कोमट, वाढणारा अदबीने वागला की नाही! पांढरपेशा प्रवासवर्णनांनीही हीच दृष्टी घेतलेली आहे. त्यांत खिडकीबाहेरचा निसर्ग असतो, सहप्रवाशांच्या गमती असतात. पण डबा कोणी पुसला हा प्रश्न त्या लेखकाला पडत नाही. म्हणून हा विषय समीक्षेचा आहे असे मला वाटते. समाज आपल्या माणसांना कोठे आणि कसे बसवतो हे आगगाडीत जितके उघडपणे, दरपत्रक लावून, डब्यावर अक्षरे रंगवून सांगितलेले असते, तितके ते देवळातही सांगितलेले नसते.

आजचेच उदाहरण घेऊ. १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईहून सोलापूर आणि शिर्डी या दोन वंदे भारत गाड्या सुरू झाल्या. या गाडीच्या सोळा डब्यांच्या मूळ रचनेत दोन डबे एक्झिक्युटिव्ह वर्गाचे आणि बाकीचे साध्या चेअर कारचे. चेअर कारमध्ये एका रांगेत पाच माणसे, एक्झिक्युटिव्हमध्ये चार. एक्झिक्युटिव्हची खुर्ची गोल फिरवून खिडकीकडेही वळवता येते. गारवा दोन्हीकडे आहे, जेवण दोन्हीकडे येते, वरच्या वर्गात त्याचा थाट थोडा अधिक. भाडे मात्र दुपटीकडे झुकणारे. आणि सोलापूरला दोन्ही डबे एकाच मिनिटाला पोचतात! मग जादा पैसे देणाऱ्याने विकत घेतले काय? वेग नाही, वेळ नाही. त्याने अंतर विकत घेतले. पाचवा माणूस आपल्या रांगेत नसावा, कोणाचे कोपर लागू नये, कोणाचे गाठोडे पायांत येऊ नये, हे ते अंतर. आणि दुसरी गोष्ट म्हणजे सेवा : आपण बसलेले असताना कोणीतरी उभे असावे. या दोन्ही वस्तूंचा व्यापार या देशात आगगाडी येण्याच्या फार आधीपासून चालू आहे, आणि त्याचे दुकान कोणाचे होते हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको.

दख्खनची राणी १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे मार्गावर धावू लागली. तिच्या कौतुकाने मराठी मध्यमवर्गाचे मन आजही भरून येते. त्या राणीला तेव्हा फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसऱ्या वर्गाचा डबा तिला १९५५ साली जोडला गेला. म्हणजे पंचवीस वर्षे ही गाडी घाट चढत-उतरत होती आणि गिरणी कामगाराच्या, गँगमनच्या ऐपतीतल्या तिकिटावर तिच्यात पाऊल ठेवता येत नव्हते. पुढे १९७४ साली सगळ्या देशातच तिसरा वर्ग नाहीसा झाला. नाहीसा झाला म्हणजे काय झाले? त्याला दुसरा वर्ग म्हणू लागले. बाक तोच, लाकूड तेच, गर्दी तीच. आपल्याला हा प्रकार ओळखीचा आहे. अस्पृश्याला हरिजन म्हटले की अस्पृश्यता गेली असे मानणाऱ्यांच्या देशात डब्यावरचा आकडा बदलून समता आणणे अवघड कसे असेल?

तरीही एक प्रयोग खरा झाला, आणि त्याची नोंद घेतली पाहिजे. राजापूरचे खासदार मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी घालायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी २६ डिसेंबरला मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सोडली. या गाडीत वर्ग नव्हते. सगळे दुसऱ्या वर्गाचे. गादीची जाडी जेमतेम दोन इंच. पण मोठमोठ्या जाहीरनाम्यांपेक्षा मी त्या दोन इंचांना अधिक मान देतो, कारण रात्रभर फळीवर झोपलेल्या माणसाच्या पाठीला जाहीरनामा वाचता येत नाही. पुढे गीतांजलीलाही वातानुकूलित डबे जोडले गेले आणि वर्ग परत आले. पण वर्गाविना गाडी चालूच शकत नाही, हा युक्तिवाद त्या गाडीने कायमचा खोटा ठरवला. गाडीतले वर्ग हे इंजिनाच्या गरजेतून आलेले नाहीत. ते कोणीतरी ठरवतो, म्हणून ते कोणालातरी मोडता येतात.

येथे आपल्यातलेच काही मित्र मला अडवतील. ते म्हणतील, तिकीट जात विचारत नाही. वर्ग पैशाने बदलता येतो, जात बदलता येत नाही. म्हणून आपल्या माणसाने वरच्या वर्गाचे तिकीट काढून ताठ बसावे, यात वाईट काय? हा मुद्दा हलका नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये १९०१ सालची आठवण लिहिली आहे. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली ती मुले आगगाडीत सुखाने बसली. छळ सुरू झाला तो मसूर स्टेशनात उतरल्यावर. स्टेशनमास्तरने जात विचारली, उत्तर ऐकून तो मागे सरला. मग बैलगाडीवाले तयार होईनात, आणि रस्त्यात पाणी मिळेना. १९२९ साली चाळीसगावला तेच. बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांना गाडीने सुखरूप आणून सोडले. स्टेशनाबाहेर महाराला टांग्यात घालून हाकायला टांगेवाला तयार नव्हता, म्हणून अननुभवी माणसाने टांगा हाकला आणि अपघात झाला. म्हणजे त्या काळात डबा फलाटापेक्षा मोकळा होता. फलाटावर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळे होते, हिंदूंना ते पाजायला ब्राह्मण पाणीपांडे नेमलेले होते. रूळ मात्र कोणाच्या मालकीच्या आळीतून जात नव्हते. हे ऋण मी मानतो.

पण तिकीट जात विचारत नसले तरी शेजारचा विचारतो. एका व्याख्यानासाठी संयोजकांनी मला वरच्या वर्गाचे तिकीट पाठवले होते. शेजारचे गृहस्थ सुसंस्कृत होते. त्यांनी पुस्तकांविषयी बोलणे काढले, मग गाव विचारले, मग अर्थातच, "आडनाव काय आपले?" मी सांगितले. ते थोडे थांबले आणि म्हणाले, "म्हणजे सरकारी नोकरीत असाल." त्यानंतर त्यांनी वर्तमानपत्र उघडले ते शेवटपर्यंत मिटले नाही. मी पैशाने, म्हणजे संयोजकांच्या पैशाने, तेच आसन घेतले होते. अंतर त्यांनी स्वतःच्या हाताने, फुकटात, पुन्हा निर्माण केले. वरच्या वर्गात हे सभ्यपणे होते एवढाच फरक.

ज्या देशातून दलित पँथरने १९७२ साली आपले नाव घेतले, तेथे हाच प्रश्न ऐंशी वर्षे आधी न्यायालयात गेला होता. अमेरिकेतील लुइझियाना राज्याने १८९० साली गोऱ्यांना आणि काळ्यांना वेगळे डबे देण्याचा कायदा केला. न्यू ऑर्लिन्सच्या नागरिकांच्या एका समितीने त्याला आव्हान देण्याचे ठरवले आणि होमर प्लेसी ७ जून १८९२ रोजी पहिल्या वर्गाचे तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसला. त्याच्या अंगात आठातला एक हिस्सा काळे रक्त होते. तेवढ्यावर त्याला अटक झाली. १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की डबे वेगळे पण समान असतील तर त्यात अन्याय नाही. एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी मत नोंदवले आणि त्यात, आपल्याला विशेष वाटावे असे की, 'कास्ट' हाच शब्द वापरला. प्लेसीच्या खिशात पहिल्या वर्गाचे पैसे होते, हातात पहिल्या वर्गाचे तिकीट होते. जे मित्र पैशाने प्रश्न सुटेल म्हणतात त्यांनी हे तिकीट डोळ्यांपुढे ठेवावे. पुढल्याच वर्षी, १८९३ साली, दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरित्झबर्गला गांधीजींनाही पहिल्या वर्गाचे तिकीट असून खाली उतरवले गेले. पुढे भारतात ते तिसऱ्या वर्गाने फिरले, त्या वर्गाच्या हालांवर त्यांनी १९१७ साली लिहिलेही. पण त्यांनी तिसरा वर्ग निवडला होता. ज्याला निवड आहे त्याचा तिसरा वर्ग आणि ज्याला नाही त्याचा तिसरा वर्ग हे एका डब्यात असले तरी एक नव्हेत.

त्याच अमेरिकेतील पुलमन कंपनीचे झोपायचे डबे जगभर नावाजलेले होते. मखमली आसने, शुभ्र चादरी, आणि हाकेसरशी हजर होणारा काळा पोर्टर. जॉर्ज पुलमनने गुलामीतून नुकतेच सुटलेले लोक या कामासाठी मुद्दाम निवडले. प्रवासी त्या प्रत्येकाला 'जॉर्ज' म्हणून हाक मारीत; मालकाचेच नाव, जसे गुलामाला मालकाचे नाव लागे. त्या पोर्टरांना महिन्याला चारशे तासांच्या आसपास काम पडे आणि पोट बक्षिशीवर चाले. या माणसांनी १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली युनियन बांधली आणि बारा वर्षे झुंजून १९३७ साली कंपनीला करार करायला लावला. पुढे १९५५ साली माँटगोमेरीत रोझा पार्क्सला जामिनावर सोडवून आणणारे आणि बसवरचा बहिष्कार उभा करणारे ई. डी. निक्सन हे पुलमनचेच पोर्टर. वरच्या वर्गाच्या आसनाची नव्हे, त्या आसनाभोवती उभ्या असलेल्या माणसाची ही कथा आहे.

पुलमनचा करार झाला त्याच्या पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांचे तेथील विधान आपण सभांतून नेहमी सांगतो. त्याच भाषणातला दुसरा तपशील मात्र आपण सांगत नाही. अस्पृश्य माणूस रेल्वेत जन्मभर गँगमनच का राहतो? बाबासाहेबांनी सांगितले की त्याला साधे पोर्टरचे कामही मिळत नाही. कारण स्टेशनमास्तर पोर्टरला आपल्या घरी घरगडी म्हणून राबवतो, आणि अस्पृश्य घरगडी त्याला चालत नाही! या एका वाक्यात किती गोष्टी आहेत पाहा. अमेरिकेत काळा माणूस गोऱ्याची चादर घालतो, कारण सेवा हेच त्याचे स्थान ठरवलेले आहे. आपल्याकडे सेवेच्याही दोन जाती आहेत. पाणी देणारी, ताट वाढणारी सेवा वरची; रूळ उचलणारी, घाण काढणारी सेवा खालची. अस्पृश्याला नोकर होण्याचाही अधिकार नव्हता. मालक आणि मजूर एवढ्याच दोन रेषांत समाज पाहणाऱ्या आपल्या कम्युनिस्ट मित्रांच्या हातून निसटतो तो हा भाग.

आता आजच्या डब्यात या. वरच्या वर्गात एक तरुण ताट घेऊन येतो. त्याचा गणवेश इस्त्रीचा असतो, त्याला 'थँक यू' म्हणतात. थोड्या वेळाने दुसरा तरुण काळी पिशवी घेऊन येतो. त्याच्यासाठी लोक पाय उचलतात, मान उचलत नाहीत. हे दोघे एकाच डब्यात फिरतात. पण एकच माणूस ही दोन्ही कामे करताना मी पाहिलेला नाही. याला आरोग्याचे कारण दिले जाते आणि ते खोटे नाही. पण पिशवीचे काम कोणत्या वस्तीतल्या पोराकडे जाते याचे कारण आरोग्य नव्हे. त्या दुसऱ्या तरुणाला मला गाव विचारावे लागले नाही, बोलण्याच्या वळणावरून ते कळत होते.

डब्याखालची गोष्ट तर त्याहून जुनी. गाडीतला मैला वर्षानुवर्षे रुळांवर पडत होता आणि तो काढणारे हात कोणाचे होते हे रेल्वेला ठाऊक होते. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला काढायला लावण्यावर बंदी घातली, त्यात रूळही आले. पण सरकारने ठरवून दिलेली साधने आणि संरक्षक पोशाख वापरला तर तो माणूस कायद्याच्या व्याख्येतून बाहेर! हातमोजे घातले की जात गळून पडते, असा हा न्याय. सफाई कर्मचारी आंदोलनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला २०१४ साली रेल्वेला सांगावे लागले की रुळांवरचा हा प्रकार कालबद्ध रीतीने संपवा. त्यानंतर डब्यांना जैव-शौचालये बसली, हा खराच मोठा बदल आहे. रुळांवरचे काम कमी झाले. डब्यातल्या शौचालयाचे दार मात्र दर तासाला कोणीतरी उघडून आत जातो, आणि तो आता बहुधा रेल्वेचा नोकरही नसतो, कंत्राटदाराचा असतो.

आपल्या साहित्याने हा माणूस अजून पुरेसा लिहिलेला नाही, हे मला खटकते. भाड्याला पैसे नव्हते म्हणून अण्णा भाऊ साठे वाटेगावाहून मुंबईला पायी आले, आणि पुढे त्याच माणसाने 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. मराठीत प्रवासवर्णनाचा दुसरा रस्ता तेथून निघतो. त्या रस्त्यावर पुढे गेलेले थोडे. आपली आत्मकथने गावकुसापासून वसतिगृहापर्यंत आणि वसतिगृहापासून नोकरीपर्यंत येतात. नोकरीनंतर आपणही खिडकीची जागा मागू लागतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे निघालेली माणसे गाड्यांत दाटीने उभी असतात आणि आरक्षित डब्यांत लोक घुसल्याच्या तक्रारी होतात. त्या डब्यात आरक्षणाचे तिकीट घेऊन बसलेल्या आपल्याच प्राध्यापकाच्या मनात त्या रात्री काय चालते, यावर मला एक प्रामाणिक कथा वाचायला मिळालेली नाही. तो सरकून जागा देतो, की टी.सी.ची वाट पाहतो?

शिर्डीची वंदे भारत मनमाडवरूनच जाते. तिच्यात ताट वाढणारे आणि पिशवी नेणारे दोघेही तरुण शिकलेले असतात, काही तर पदवीधर. पुलमनच्या पोर्टरांपुढे एक कंपनी होती, तिचे नाव डब्यावर लिहिलेले होते. या तरुणांच्या डब्यावर नाव भारतीय रेल्वेचे, पगाराच्या कागदावर नाव कंत्राटदाराचे, आणि कंत्राट संपले की ते नावही बदलते. त्यांनी युनियन बांधली तर करार कोणाशी करायचा? मनमाडच्या परिषदेत हा प्रश्न नव्हता, कारण तेव्हाचा गँगमन निदान रेल्वेचा गँगमन होता. आपल्या कामगार संघटनांच्या पुढच्या अधिवेशनात हा प्रश्न विषयपत्रिकेवर यावा, आणि तो मांडायला त्या दोघांपैकी पिशवीवाल्याला बोलवावे.