मध्यपटलाचे श्राव्यातीत मापन : एका दाव्याची चिकित्सा

मोटर न्यूरॉन विकारात हातापायांचे बळ ओसरते, वाचा अडखळते. परंतु रुग्णाचे आयुष्यमान बहुधा ठरते ते श्वसनाच्या स्नायूंवर, त्यांतही मध्यपटलावर. मुखवट्यातून श्वासास साहाय्य देणारे यंत्र केव्हा सुरू करावे, हा निर्णय या स्नायूच्या मापनाशी निगडित आहे. त्या साहाय्याचे मोल न्यूकॅसल येथील ४१ रुग्णांच्या चाचणीने २००६ साली दाखविले. मुखाचे व घशाचे स्नायू फारसे दुर्बल न झालेल्या रुग्णांच्या आयुष्यात तेथे मध्यमानाने २०५ दिवसांची भर पडली.

फुप्फुसांची धारकता मोजण्याच्या रूढ रीतीत एक उणीव आहे. ओठ दुर्बल झाले की नळीच्या कडेने हवा निसटते आणि धारकता प्रत्यक्षाहून कमी भरते. सोनोग्राफीचा पुरस्कार होतो तो येथे. उजव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांमधून पाहिले असता दोन उजळ रेषांमध्ये मध्यपटलाचा काळसर पट्टा दिसतो. उच्छ्वासाच्या अंती त्याची जाडी मोजावयाची, पूर्ण श्वास घेतल्यावर पुन्हा मोजावयाची, आणि वाढीचे प्रमाण काढावयाचे. ही वाढ २० टक्क्यांहून कमी असल्यास स्नायू जवळजवळ निकामी झाला असे मानतात.

हे मापन रुग्णाच्या सहकार्यावर अवलंबून नाही, असा जो दावा अधूनमधून केला जातो, तो मात्र टिकणारा नाही. येथे सुटका होते ती ओठांची, प्रयत्नाची नव्हे. पूर्ण श्वास घेण्याची सूचना ज्याला नीट पाळता येत नाही (आणि या विकारात काही रुग्णांची आकलनशक्तीही बाधित होते) त्याचे मध्यपटल सशक्त असूनही दुबळे ठरेल. दुसरा आक्षेप गणिताचा. १.५ मिलिमीटरचा स्नायू १.८ झाला तर वाढ २० टक्के. पहिली रेषा एक दशांश मिलिमीटर चुकून १.६ धरली, तर तीच वाढ १२.५ टक्के होते, आणि १.४ धरली, तर २८ टक्क्यांच्या पुढे जाते. एवढ्या बारीक चुकीवर निदान उलटते! याउलट हुंगताना मध्यपटल खाली जाण्याऐवजी वर सरकताना दिसले, तर ती खूण अंकाहून अधिक विश्वसनीय होय.

‘अंथरुणापाशी करता येणारी तपासणी’ हे वर्णनही अहिल्यानगर जिल्ह्यात (पूर्वीचा अहमदनगर) तपासून घ्यावे लागते. सुमारे १७,००० चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालये आहेत ती लोणी व विळद घाट येथे. अकोल्याच्या डोंगराळ भागातील वा जामखेडकडील रुग्णास तेथवर यावे लागते, आणि त्याला तर आडवे झाले की धाप लागते. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या २०१२ मधील सुधारित नियमांनुसार सुवाह्य सोनोग्राफी यंत्र नोंदणीकृत रुग्णालयातील आंतररुग्णांसाठी, अथवा नोंदणीकृत फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणूनच वापरता येते. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे ८५२ मुली होत्या; तेव्हा या निर्बंधाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. परंतु ते अंथरूण रुग्णालयाचे आहे, घरचे नव्हे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

नाकपुडीतून हुंगण्याचा दाब मोजणारे छोटे उपकरण पिशवीत घालून गावी नेता येते आणि त्याला ओठांचीही गरज नसते. प्रयत्न त्यालाही लागतोच. या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्याने मध्यपटलाच्या जाडीबरोबर हा दाब, पहाटेच्या रक्तातील कार्बन डायॉक्साइडचे प्रमाण आणि दुसऱ्या परीक्षकाने, पहिल्याचे आकडे न पाहता, घेतलेली मोजमापे नोंदवावीत; रुग्ण बसलेला होता की निजलेला, हेही.